गाडी तापते, पण कधी? जुन्या छोट्या गाडीची कूलिंग तपासणी

एक गाडी सकाळी राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीपर्यंत निवांत जाते, पण संध्याकाळी तावडे हॉटेलजवळच्या गर्दीत तिचा काटा लाल रेघेकडे सरकतो. दुसरी गर्दीत थंड असते आणि जोतिबाचा चढ लागला की तापते. तिसरी घरातून निघून पाच मिनिटांत वाफ सोडते. तिन्ही मालक गॅरेजात एकच वाक्य बोलतात, 'गाडी तापते.' तिघांनाही बहुधा उत्तर एकच मिळतं, 'थर्मोस्टॅट वॉल काढून टाकू.'

हे आजार तीन वेगळे आहेत. पहिलीचा पंखा तपासायचा, दुसरीचा रेडिएटर किंवा पंप, तिसरीचं पाणी आणि थर्मोस्टॅट. कधी तापते हे नीट पाहिलं की का तापते याचं निम्मं उत्तर पाना हातात घेण्याआधीच मिळतं. मारुती ८००, जुनी अल्टो, झेन, वॅगन आर, सँट्रो या वयाच्या गाड्यांना पुढची तपासणी लागू पडते. भागांच्या जागा थोड्या इकडेतिकडे असतील, तेवढंच.

पाण्याचा फेरा

पंप इंजिनात पाणी फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर उघडणारी झडप (गॅरेजातला 'वॉल'), बंद असतो, त्यामुळे पाणी आतल्या आत फिरून लवकर गरम होतं. ठरलेल्या तापमानाला तो उघडतो आणि पाणी वरच्या होस पाइपातून रेडिएटरमध्ये जातं, निवतं आणि खालच्या पाइपातून परत येतं. गाडी पळत असेल तर समोरचा वारा पुरतो, उभी असेल तर विजेचा पंखा लागतो.

यात सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरची टोपी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, म्हणून इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं. टोपीवर ०.९ असा आकडा असतो, म्हणजे ती ०.९ बार जादा दाब धरते. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपीचं रबर चिरलं की ही सगळी सूट जाते आणि काटा फार वर नसतानाच रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात. म्हणून बाकी काही बदलण्याआधी टोपी बदलून पाहा. इतका स्वस्त प्रयोग दुसरा नाही. मात्र आकडा जुन्या टोपीवर होता तोच हवा. १.१ ची लावली तर दाब वाढतो आणि जुन्या रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी फुटू शकते.

काटा कधी चढतो, ते लिहून ठेवा

आठवडाभर वहीत नोंद करा: किती मिनिटं चालली, वेग, एसी चालू की बंद, चढ की सपाट. चाचणीचा रस्ता दर वेळी एकच ठेवा. आधी महामार्गावर ६० च्या वेगानं दहा मिनिटं, मग गंगावेशीच्या किंवा महाद्वार रोडच्या गर्दीत पंधरा मिनिटं, आणि शेवटी पन्हाळा किंवा जोतिबाचा चढ. पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे, त्यामुळे वरपर्यंत पोचताना इंजिन पुरतं तापलेलं असतं.

उभी असताना तापते आणि पळायला लागली की काटा उतरतो: पंखा.

चढावर किंवा वेगात तापते, सावकाश चालवली की सुधारते: रेडिएटर चोंदलाय, पंप कमी पाणी ढकलतोय किंवा थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतोय.

सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांत तापते: पाणी नाही, हवा अडकलीय, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली सील) गेलीय.

काटा वर जातो, झटकन खाली येतो, पुन्हा वर: पाणी कमी आहे, किंवा सेन्सरची वायर-अर्थ सैल आहे.

काटा वर चढतच नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा कुणीतरी आधीच काढून टाकलाय. जुनी गाडी नुकतीच विकत घेतली असेल तर दुसरी शक्यता मोठी.

काट्याचा एक धोका लक्षात घ्या. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच काटा खरं बोलतो. पाणी संपलं की सेन्सर कोरडा लोंबकळतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली आलेला दिसू शकतो. काटा अचानक पडला, पण बॉनेटखालून गोडसर वास किंवा खणखणाट येत असेल, तर गाडी जागच्या जागी बंद करा. ओबीडी सॉकेट (स्कॅनर जोडायची जागा) असलेल्या गाडीत साधा स्कॅनर लावला तर आकड्यात तापमान दिसतं. ते पंख्याबरोबर साधारण ८५ ते ९८ अंशांत खालीवर होत असेल तर गाडी निरोगी समजा.

चाचणीत तापलीच तर

कोल्हापूरहून कोकणात जाताना घाट उतरायचा असतो, त्यामुळे जाताना गाडीची परीक्षाच होत नाही. खरी परीक्षा परतताना, वैभववाडीकडून करूळ घाट किंवा साखरप्याकडून आंबा घाट चढताना. काटा तीन चतुर्थांशाच्या वर गेला की एसी बंद करा, खिडक्या उघडून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात ठेवा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. उकडेल, पण काटा उतरतो. वरचा गिअर दामटू नका. इंजिन कण्हत असेल तर एक गिअर खाली घ्या, म्हणजे पंप जास्त वेगानं फिरेल.

तरीही काटा उतरला नाही तर रुंद जागा बघून थांबा. वाफ नसेल आणि पंखा फिरत असेल तर दोन-तीन मिनिटं इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. वाफ दिसली किंवा पंखा बंद असेल तर लगेच बंद करा. टोपीला हात लावू नका. फडकं टाकून सावकाश उघडतो म्हणणाऱ्यांचेच हात भाजतात. वरचा होस पाइप हाताला कोमट लागेपर्यंत आणि दाबल्यावर मऊ होईपर्यंत थांबा, त्याला पाऊण ते एक तास लागतो. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतू नका. ॲल्युमिनियमचं हेड त्यानंच वाकतं.

थंड गाडीवर, सकाळी

रात्रभर उभी असलेल्या गाडीखाली आदल्या संध्याकाळीच पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी डाग कुठे आहे ते पाहा. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, ते गळणारच. कूलंट हिरवा, लाल किंवा निळा असतो, बोटांना गुळगुळीत लागतो आणि वास गोडसर असतो.

मग रेडिएटरची टोपी उघडा. पाणी तोंडापर्यंत हवं. नवखे लोक इथेच चुकतात. ते फक्त बाटली बघतात आणि ती 'मॅक्स'ला आहे म्हणून निश्चिंत होतात. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं अनेकदा सापडतं. गरम होताना वाढलेलं पाणी टोपीतून बाटलीत जातं आणि थंड होताना टोपीच्या मधल्या छोट्या वॉलमधून परत ओढलं जायला हवं. तो वॉल अडकला, किंवा बाटलीची बारीक नळी चिरून हवा ओढायला लागली, की पाणी बाटलीतच राहतं. सकाळी वरचा होस पाइप चपटा झालेला दिसला तर तो वॉल अडकलाच समजा.

पाण्याचा रंग बघा. गेरूसारखं तांबूस असेल तर आत गंज आहे, म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं साधं पाणी घातलंय. तांबड्या रश्श्यावर कट तरंगावा तसा तेलाचा तवंग दिसला तर तपासणी इथेच थांबवून थेट हेड गॅस्केटच्या भागाकडे जा. तेलाच्या टोपीखाली ताकावरच्या लोण्यासारखा पांढरा थर आला म्हणून मात्र लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही धरतो. डिपस्टिकवरचं तेलच दुधाच्या चहासारखं झालं असेल तर तो खरा दोष.

गळती शोधायला टॉर्च घ्या. होसच्या क्लिपांजवळ, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे जुळते त्या काठावर, पंपाच्या खालच्या बारीक छिद्राजवळ आणि ब्लॉकला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्यांभोवती वाळलेल्या पांढऱ्या किंवा हिरव्या खुणा शोधा. डाव्या सीटपुढचा गालिचा उचलून बघा. तो ओला असेल आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. काहीच सापडलं नाही आणि पाणी तर घटतंय, अशा वेळी गॅरेजातून प्रेशर टेस्टर लावून घ्या. टोपीच्या जागी हातपंप बसवून ०.९ पर्यंत दाब भरायचा आणि दहा मिनिटं काटा बघायचा. टोपीच्या आकड्यापलीकडे दाब देऊ नका.

पंखा

एसी बंद ठेवून गाडी उभ्यानं चालू ठेवा. काटा निम्म्याच्या जरा वर गेला की पंखा लागला पाहिजे आणि दोन-तीन मिनिटांत बंद झाला पाहिजे. लागला नाही तर एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरतोच. एसी लावल्यावर तोच पंखा फिरला आणि काटा उतरला, तर मोटर चांगली आहे, दोष तापमानाच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

एसीवरही फिरला नाही तर आधी फ्यूज बघा. मग रिले. हॉर्नचा रिले त्याच क्रमांकाचा असेल तर दोन्ही अदलाबदल करून बघा. नंतर मोटरचा सॉकेट उपसा. ही मोटर बराच करंट ओढते, म्हणून जुन्या गाडीत सॉकेटच्या पट्ट्या जळून काळ्या पडलेल्या सापडतात. शेवटी फ्यूज लावलेल्या जाड वायरीनं बॅटरीवरून मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. फिरली नाही तर मोटर गेली. रडतखडत फिरली तरीही गेलीच म्हणा, कारण ब्रश आणि बुश झिजलेला पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही.

रेडिएटरवर बसवलेल्या दोन तारांच्या स्विचचा सॉकेट काढून दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या की इग्निशन चालू असताना पंखा लागायला हवा. हा प्रयोग फक्त अशा साध्या स्विचवर करा. ज्या गाडीत पंखा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) चालवतो तिथे सेन्सरच्या तारा जोडू नका. तिथे सेन्सरचा सॉकेट नुसता काढला तरी बऱ्याच गाड्यांत पंखा आपोआप लागतो. हे सगळं करताना बोटं, ओढणी, सैल बाह्या लांब ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा फिरतो.

मोटर बदलून आणल्यावर एक गंमत नक्की करून बघा. पंखा चालू असताना जाळीच्या समोरच्या बाजूला वर्तमानपत्राचा कपटा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून गेला तर तारा उलट जोडल्यात, पंखा वारा बाहेर फेकतोय. रस्त्यावर असा पंखा समोरच्या वाऱ्याशीच भांडत राहतो.

थर्मोस्टॅट

थंड इंजिन सुरू करून वरच्या होसवर हात ठेवा. काही मिनिटं तो गारच राहायला हवा आणि मग एकदम तापायला हवा. तो 'एकदम' म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्याची खूण. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा जागेवर नाही. काटा चढला तरी होस गारच राहिला तर तो बंद अडकलाय किंवा हवा अडकलीय.

शंका असेल तर बाहेर काढा, दोन-तीन बोल्टचं काम आहे. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्यानं टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि शेजारी थर्मामीटर धरा. वॉलवरच ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्या सुमाराला तो हलायला लागतो आणि आणखी १२-१५ अंशांनी साधारण ८ मिलिमीटर उघडतो. गॅसवर पाणी खळखळून उकळतंय आणि वॉल ढिम्म, तर टाकून द्या. नवीन बसवताना त्यावरचं हवेचं बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवा आणि गॅस्केट नवीन घाला.

आता 'काढून टाकू'बद्दल. आपल्याकडे हवा गरम, वॉल कशाला हवा, असं म्हणतात. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन सपाट रस्त्यावर सतत गरजेपेक्षा गार राहतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून तापायचंय, ती पेट्रोल जास्त सोडते, मायलेज पडतं, तेलातला दमटपणा उडून जात नाही आणि गाळ धरतो. शिवाय चोंदलेला रेडिएटर त्यामागे लपून राहतो आणि ऐन घाटात उघडा पडतो. आणीबाणीत काढून घरी पोचलात तर ठीक. दुसऱ्या दिवशी नवीन घाला.

रेडिएटर आणि पंप

गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या गाडीच्या जाळीत पाचटाचे तुकडे आणि चिपाडाचा भुसा अडकतो. तो बाहेरून दिसत नाही, कारण पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि कचरा दोघांच्या मधल्या फटीत बसतो. टॉर्चनं वरून त्या फटीत बघा. पंखा काढून इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या नळाच्या दाबानं पाणी मारा. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली तर पातळ पत्र्या आडव्या होतात आणि होती ती हवाही बंद होते.

आतून चोंदलेला ओळखायचा तर गाडी पूर्ण गरम करून बंद करा, पंख्याचा सॉकेट काढा आणि जाळीवर ठिकठिकाणी तळहात किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. पाणी शिरतं त्या टोकापासून निघतं त्या टोकाकडे तापमान सारखं उतरत जायला हवं. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद. हे बहुधा बोअरच्या पाण्याचं देणं असतं. त्यातले क्षार चहाच्या किटलीत बसतात तसे नळ्यांत बसतात. जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून मिळतं. ॲल्युमिनियमचा प्लॅस्टिक टाकीवाला असेल तर नवीनच घ्या.

इंजिन ३००० आरपीएमपर्यंत नेऊन खालच्या होसकडेही बघा. तो पोट आत ओढल्यासारखा चपटा झाला तर होस मऊ पडलाय किंवा रेडिएटरमधून पाणीच येत नाही.

पंपाची तपासणी थोडक्यात होते. मारुती ८०० च्या इंजिनात तो अल्टरनेटरच्याच बेल्टवर फिरतो. दोन पुलींच्या मध्ये बेल्ट अंगठ्यानं जोरात दाबला तर एक सेंटिमीटरच्या आतच झुकला पाहिजे. इंजिन बंद करून पुली हातानं हलवा. खुळखुळली किंवा खालच्या छिद्रातून पाणी झिरपलं तर पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर असलेल्या गाडीत दोन्ही एकदमच बदला, मजुरी एकदाच पडते.

हेड गॅस्केट

हा निकाल सगळ्यात शेवटी द्यायचा, पण द्यायचा तर पुराव्यानिशी. थंड इंजिन टोपी उघडी ठेवून सुरू करा. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे सोडा, पण हंडीला उकळी आल्यासारखे ते येतच राहिले आणि आरपीएम वाढवल्यावर पाणी उसळलं, तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. टोपी लावून सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत, इंजिन कोमटही नसताना, होस दगडासारखे कडक झाले तरी तेच. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबत नाही. सगळे स्पार्क प्लग काढून रांगेत ठेवा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा पांढरा असेल तर पाणी त्या सिलिंडरमध्ये जातंय.

पक्कं करायचं तर ब्लॉक टेस्टर मागा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावातून ओढतात. पेट्रोल गाडीत द्राव पिवळा झाला तर गॅस्केट किंवा हेड गेलं. हेड उतरवल्यावर नुसती गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून सपाटी बघायला सांगा. सुझुकीच्या या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. शिवाजी उद्यमनगरात हेड फेस (घासून सपाट) करून मिळतं. चिरेसाठी दाबाची चाचणीही तिथेच करून घ्या.

एलपीजी किंवा सीएनजी किट असेल तर एक जागा जादा बघायची. गॅसचा रिड्यूसर (दाब कमी करणारा भाग) गरम ठेवायला इंजिनाचंच पाणी दोन बारीक होसमधून नेलेलं असतं. तिथे गळती होते, हवा अडकते, आणि त्या टी-जोडाच्या क्लिपा कुणी बघत नाही. गाडी पंधरा मिनिटं चालूनही रिड्यूसर हाताला बर्फासारखा गार लागला किंवा त्यावर खरोखरच बर्फ धरला, तर तिथे पाणी फिरत नाहीये.

भरणं आणि हवा काढणं

या गाड्यांत तीन ते साडेचार लिटर कूलंट मावतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तयार मिसळलेला कूलंट घ्या, किंवा घट्ट कूलंट निम्मा आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं. बोअरचं नको, आरओचं फार तर वाटेतल्या अडचणीत. वेगळ्या रंगाचा कूलंट जुन्यात ओतू नका. आधी साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन मग भरा.

गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि बारीक धारेनं ओता. घाईनं ओतलं की हवा आत कोंडते. मध्ये मध्ये होस हातानं दाबत राहा. हवा काढायचा नट असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत तो सैल ठेवा. मग टोपी न लावता इंजिन सुरू करा, पातळी खाली जाईल तसं भरत राहा आणि वरचा होस तापला की टोपी लावा. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा. हीटरमधून गरम हवा यायला हवी. गार येत असेल तर हवा अजून आत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीची टोपी उघडून पुन्हा बघा, पाव-अर्धा लिटर कमी भरेल. तिसऱ्या दिवशीही कमी झालं तर गळती अजून शिल्लक आहे, पुठ्ठा पुन्हा सरकवा.

काढलेला जुना कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. तो चवीला गोड आणि विषारी असतो, गल्लीतली कुत्री आणि गाईगुरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर खडूनं नाव लिहून, गॅरेजवाल्याकडे द्या.